एकाच पोत्यातला मका: बदकं गेली, कोंबड्या आजारी, गाय मात्र उभी. असं का?

बांधावरून | १८ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथं नुसतं वाचतोय. आज अडचण आली म्हणून लिहायला बसलो.

गाव नेवासा तालुक्यात. घरी दोन संकरित गाई, चार शेळ्या, साडेतीनशे गावरान कोंबड्या (दोन महिन्यांच्या) आणि मुलीच्या हट्टापायी घेतलेली आठ बदकं. मका काढायला आला आणि नेमका पाऊस लागला. कणसं उभ्या ताटावर भिजली. चार दिवस ऊन बघून मळणी केली, पोती शिवली, थप्पी मारली. दाणा पुरता वाळलेला नव्हता हे आता कळतंय. पंधरा दिवसांनी मधलं पोतं उघडून हात घातला तर आत ऊबदार लागलं. दाण्याच्या टोकाशी हिरवट-पिवळी भुकटी, आणि कुबट वास. चाळून घेतला, दोन उन्हं दाखवली, भरडला आणि सगळ्यांना घातला.

नवव्या दिवशी बदकं लंगडायला लागली. पाय जांभळट झाले, मान मागे टाकायची. दोन दिवसांत आठातली सहा गेली. मग कोंबड्या. तुरे फिके, पंख सोडून बसलेल्या, विष्ठेत भरडा जसाच्या तसा. रोज पाच-सात मरतात. शेळ्या वैरण कमी खातात. गाईंना काहीच नाही, एकीचं दूध लिटरभर कमी आहे एवढंच.

डॉक्टरांनी मेलेली कोंबडी माझ्यासमोर फाडली. कलेजी पिवळी, मातकट, बोटाने दाबली की चुरा होणारी. दोन जिवंत कोंबड्यांचं रक्त तपासलं. एसजीओटी खूप वाढलेलं, एसजीपीटी नॉर्मल. ते म्हणाले, बुरशीचं विष आहे, अफलाटॉक्सिन, लिव्हरचे एन्झाइम बिघडवतं. मक्याचा नमुना तपासणीला दिलाय.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे विष एन्झाइमचं नेमकं करतं काय, आणि एकाच पोत्यातलं खाऊन बदक मरतं तर गाय का नाही? दुसरं, सात क्विंटल मका अजून पडून आहे. गाईंना पचतोय असं दिसतंय, तर त्यांना घालून संपवू का?

---

दावण | १८ नोव्हेंबर, रात्री ९.५२

दादा, आधी उठा आणि दावणीतला मका काढा. बाकीचं सकाळी बोलू.

---

नाना_चाळीसगाव | १८ नोव्हेंबर, रात्री १०.१५

एसजीपीटी नॉर्मल आहे म्हणजे लिव्हर ठीक आहे. आमच्या मेव्हण्यांना कावीळ झाली होती तेव्हा एसजीपीटीच आधी वाढलं होतं. मला हा रानीखेतचा, म्हणजे कोंबड्यांच्या विषाणूच्या रोगाचा प्रकार वाटतो. लस दिली होती का? मान टाकणं, लंगडणं, सगळं त्यातच बसतं.

---

बांधावरून | १८ नोव्हेंबर, रात्री १०.३१

रानीखेतची लस, लासोटा, दोन वेळा दिलीय नाना. आणि बदकं आधी गेली, कोंबड्या नंतर. मका काढलाय दावणीतून.

---

गुरांचा_डॉक्टर | १९ नोव्हेंबर, सकाळी ६.२०

नाना, तुमच्या मेव्हण्यांच्या बाबतीत ते बरोबर होतं. कोंबडीच्या बाबतीत नाही. हा घोटाळा पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणाऱ्यांकडूनही होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एसजीओटी आणि एसजीपीटी हे दोन्ही पेशींच्या आत काम करणारे एन्झाइम. रक्तात त्यांचं काहीच काम नसतं. पेशी फुटली की ते बाहेर सांडतात आणि आपण रक्तात मोजतो. म्हणजे रिपोर्टातला वाढलेला आकडा हा यकृत जास्त काम करतंय याचा पुरावा नाही, ते फुटतंय याचा आहे. पोतं फाटलं की दाणे ओट्यावर दिसतात, तसं.

आता कोणत्या प्राण्याच्या यकृतात कोणता एन्झाइम भरलेला असतो हे वेगवेगळं आहे. माणसाच्या आणि कुत्र्याच्या यकृतात एसजीपीटी भरपूर, म्हणून तिथं तो खात्रीचा. कोंबडीच्या यकृतात तो मुळातच कमी. अर्धं यकृत खराब झालं तरी नॉर्मल येऊ शकतो. गाईतही त्याचा उपयोग नाही. गाईत आम्ही जीजीटी आणि जीएलडीएच हे यकृताचे दुसरे एन्झाइम बघतो, सोबत एसजीओटी.

एसजीओटीची अडचण अशी की तो स्नायूंतही असतो. कोंबडी पकडताना फडफडली, मुकामार लागला तरी वाढतो. म्हणून सोबत सीके, म्हणजे स्नायूंतला एन्झाइम, तपासायचा. सीके नॉर्मल आणि एसजीओटी वाढलेला असेल तर बोट यकृताकडेच जातं. तुमच्या डॉक्टरांना सीके विचारा.

आणि दादा, फाडलेल्या कोंबडीच्या तोंडात फोड किंवा खपल्या होत्या का? मूत्रपिंडं सुजलेली, पांढरट, चुना पडल्यासारखी होती का? तोंडातल्या जखमा टी-टू नावाच्या दुसऱ्या बुरशीविषाकडे नेतात, मूत्रपिंडं ऑक्राटॉक्सिनकडे. भिजलेल्या धान्यात एकाच वेळी दोन-तीन विषं असू शकतात.

---

बांधावरून | १९ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

तोंड स्वच्छ होतं डॉक्टर, मी स्वतः पाहिलं. मूत्रपिंडाबद्दल आमचे डॉक्टर काही बोलले नाहीत. सीकेचं आज विचारतो. पोत्याचं उदाहरण एका झटक्यात समजलं.

---

नाना_चाळीसगाव | १९ नोव्हेंबर, सकाळी ७.४०

डॉक्टर, हे मला माहीत नव्हतं. माझा मुद्दा मागे घेतो. दादा, लस चालू ठेवा मात्र.

---

गुरांचा_डॉक्टर | १९ नोव्हेंबर, सकाळी ८.०२

लसीचं नाना बरोबर बोलले. अफलाटॉक्सिन प्रतिकारशक्ती खाली आणतं. असं खाद्य पोटात असताना दिलेली लस नीट लागत नाही, मग रानीखेत आणि गंबोरो (हाही कोंबड्यांचा विषाणूचा रोग) मागच्या दाराने शिरतात. पक्षी सावरल्यावर लस परत द्यावी लागेल.

---

रसायनाची_वही | १९ नोव्हेंबर, दुपारी १.१८

मी पुण्यात जीवरसायन शिकवते. दादांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या सगळ्यांत आवडीच्या विषयात आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

अफलाटॉक्सिन बी-वन पोटात जातं तेव्हा त्याचा सगळा दाह अजून जागा झालेला नसतो. ते चरबीत विरघळणारं रसायन आहे, मूत्रातून सहज बाहेर पडत नाही. अशी रसायनं यकृतात आली की सायटोक्रोम पी-४५० या कुळातले एन्झाइम त्यांच्यावर ऑक्सिजन चढवतात, म्हणजे पुढे ती पाण्यात विरघळवून बाहेर काढता येतात. औषधं, कीटकनाशकं, सगळ्यांना हीच वागणूक. पण अफलाटॉक्सिनवर विशिष्ट जागी ऑक्सिजन बसला की त्याचं इपॉक्साइड तयार होतं, आणि ते अत्यंत उतावीळ असतं. समोर येईल त्या प्रथिनाला आणि डीएनएतल्या ग्वानिनला जाऊन चिकटतं. डीएनए अडला की नवीन प्रथिनं बनणं मंदावतं. एन्झाइम म्हणजे प्रथिनंच, त्यामुळे यकृत जे एन्झाइम आणि रक्त गोठवणारे घटक रोज घडवतं त्यांचा पुरवठा आटतो. बदकांचे पाय जांभळे झाले ते कातडीखाली झालेल्या रक्तस्रावाने.

इथं दुसरा एन्झाइम येतो, ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज. तो त्या उतावीळ इपॉक्साइडला ग्लुटाथायोनची वेसण घालतो आणि शरीराबाहेर घालवतो. सगळा खेळ या दोघांच्या वेगाचा आहे. पहिला किती वेगाने विष जागं करतो आणि दुसरा किती वेगाने वेसण घालतो.

छोट्या उंदराच्या (माउस, रॅट नव्हे) यकृतात दुसरा इतका तरबेज आहे की अफलाटॉक्सिनने त्याला सहसा कॅन्सर होत नाही. टर्कीच्या यकृतात हा दुसरा या कामापुरता जवळपास नसल्यातच जमा. बदकाचं पिल्लूही असंच नाजूक. वजनाच्या किलोमागे ०.३ मिलिग्रॅमच्या आसपास विष त्याला पुरतं, कोंबडीला मरायला साधारण ६ ते १६ मिलिग्रॅम लागतात. एकच पोतं, एकच विष. फरक खाणाऱ्याच्या यकृतात आहे.

---

कविता_लातूर | १९ नोव्हेंबर, दुपारी २.०९

म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं!

---

रसायनाची_वही | १९ नोव्हेंबर, दुपारी ३.३०

कविताताई, म्हण अगदी बसते, पण मला त्या कुंपणाची बाजूही घ्यायची आहे. पी-४५० नसता तर रोजच्या जेवणातली शेकडो रसायनं शरीरात साठत गेली असती. शिवाय हाच एन्झाइम अफलाटॉक्सिनवर वेगळ्या जागी ऑक्सिजन चढवून त्याचं एम-वन करतो, ते बी-वनपेक्षा कमी जहाल असतं. एम म्हणजे मिल्क. दुधात उतरतं ते हेच. दादांच्या दुसऱ्या प्रश्नाचं मूळ इथं आहे, पण ते गोठ्यातलं कोणीतरी सांगावं.

---

जुनी_पानं | १९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.४५

टर्कीचं नाव निघालंच आहे तर हे सांगतो. हे विष सापडलं तेच मुळी टर्कीमुळे. १९६० साली इंग्लंडमध्ये काही महिन्यांत टर्कीची एक लाखाहून जास्त पिल्लं मेली. कारण कळेना म्हणून रोगाचं नाव ठेवलं टर्की एक्स. विषाणू शोधले, सापडले नाहीत. शेवटी धागा पोचला ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपाशी. पेंडीत अस्परजिलस फ्लेवस ही बुरशी होती. अस्परजिलसचा अ, फ्लेवसचं फ्ला, त्यावरून अफलाटॉक्सिन. अतिनील दिव्याखाली निळं चमकलं ते बी, हिरवं चमकलं ते जी.

त्या वेळी बदकाचं पिल्लू हेच तपासणीचं यंत्र होतं. पेंडीचा अर्क पिल्लाला पाजायचा आणि यकृतातल्या पित्तनलिका किती वाढल्या ते बघायचं. तुमच्या मुलीच्या बदकांनी दादा, नकळत तेच काम केलं. त्यांनी आधी सांगितलं नसतं तर अजून महिनाभर तो मका सगळ्यांच्या पोटात गेला असता.

---

बांधावरून | १९ नोव्हेंबर, रात्री ८.१०

मुलीला वाचून दाखवलं. काही बोलली नाही, पण उरलेल्या दोघांना आत घेऊन गेली. एकाचं नाव भोपळा आहे, दुसऱ्याचं अजून ठरतंय.

---

कविता_लातूर | १९ नोव्हेंबर, रात्री ८.१४

दुसऱ्याचं टुणुक ठेवा. भोपळ्यामागे टुणुक-टुणुक यायलाच हवं.

---

शेड_नंबर_दोन | २० नोव्हेंबर, सकाळी ५.५५

माझे ब्रॉयलरचे दोन शेड आहेत, कंपनीच्या करारावर. विष्ठेत न पचलेला भरडा दिसतो असं दादांनी लिहिलंय, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तीन वर्षांपूर्वी एका लॉटला खाद्य नेहमीएवढंच लागत होतं आणि वजन मात्र येत नव्हतं. लिटर, म्हणजे शेडमधलं तुसाचं अंथरूण, चिकट, तेलकट. सुपरवायझर म्हणाला पाणी खराब आहे. पाणी तपासलं, चांगलं निघालं. शेवटी मका निघाला. एफसीआर, म्हणजे किलोभर वजनाला किती खाद्य लागलं तो हिशेब, पार बिघडला आणि तो तोटा माझ्या हिशेबात धरला गेला, खाद्य माझं नसताना. असो.

तेव्हा वाचलं ते असं: अफलाटॉक्सिन स्वादुपिंडालाही धरतं. ब्रॉयलरच्या प्रयोगांत स्वादुपिंडातले अमायलेज, ट्रिप्सिन, लायपेज हे पचनाचे एन्झाइम कमी झालेले सापडले होते. लायपेज कमी म्हणजे चरबी पचत नाही, म्हणून ती तेलकट विष्ठा. इथं मला एक कोडं पडतं. डॉक्टर म्हणतात एन्झाइम वाढतात, मी वाचलं कमी होतात. खरं काय?

---

गुरांचा_डॉक्टर | २० नोव्हेंबर, सकाळी ६.३०

दोन्ही खरं. मी बोललो ते रक्तात सांडलेल्या एन्झाइमबद्दल, तुम्ही बोलताय ते जिथं तयार होतात तिथल्या साठ्याबद्दल. एक वाढलेला आणि दुसरा घटलेला, दोन्ही एकाच पक्ष्यात, एकाच दिवशी दिसू शकतात.

---

रसायनाची_वही | २० नोव्हेंबर, सकाळी १०.१२

त्यात एक भर. पचनाच्या एन्झाइमबद्दल सगळे प्रयोग एकाच दिशेने बोलत नाहीत. बदकांवर कमी मात्रेच्या एका प्रयोगात ते उलट वाढलेलेही दिसले होते. मात्रा किती, पक्ष्याचं वय किती, किती दिवस खाल्लं, यावर उत्तर बदलतं. पिवळ्या कलेजीबद्दल मात्र वाद नाही. यकृतातून चरबी बाहेर न्यायला जी वाहक प्रथिनं लागतात ती पुरेशी बनत नाहीत, चरबी आतच अडकते, आणि कलेजी पिवळी, ठिसूळ होते.

---

सखाराम_सांगोला | २० नोव्हेंबर, दुपारी १२.२०

सगळं वाचलं, ज्ञानाची गोष्ट आहे. पण आमच्या आजोबांपासून रीत आहे, कोंबडीने टाकलेलं, वास आलेलं, गुरांना घालायचं. बैल खायचे, म्हशी खायच्या. मेलेलं कुणी पाहिलं नाही. सात क्विंटल मका म्हणजे पैसा आहे. थोडा थोडा कडब्याच्या कुट्टीत मिसळून घातला तर काय बिघडणार? गाय पचवते हे दादांनीच लिहिलंय.

---

दावण | २० नोव्हेंबर, दुपारी १.४०

सखारामभाऊ, मी बारा वर्षं दूध संकलनात आहे. तुमच्या आजोबांना खोटं पाडत नाही. म्हैस मरत नाही हे खरं. पण ती पचवते म्हणजे काय करते ते बघा.

कोंबडीच्या खाद्यात साठ टक्के मका असतो. गाईच्या पोटात दिवसाला पंचवीस किलोच्या वर वैरण जाते, त्यात मका दोन-तीन किलो. म्हणून तिला दिसायला काही होत नाही. तिचं यकृत बी-वनचं एम-वन करतं, जे वर ताईंनी लिहिलं. त्यातलं काही मूत्रातून जातं, काही दुधात. खाल्लेल्या विषातला साधारण एक ते दोन टक्के भाग दुधात येतो, जास्त दुधाच्या गाईत सहा टक्क्यांपर्यंत.

आता हिशेब करा. मक्यात १०० पीपीबी विष धरलं, म्हणजे किलोला १०० मायक्रोग्रॅम. तीन किलो मका, ३०० मायक्रोग्रॅम. दोन टक्के दुधात, म्हणजे ६ मायक्रोग्रॅम. गाय बारा लिटर देते, तर लिटरला अर्धा मायक्रोग्रॅम. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा बरोबर तेवढीच आहे, ०.५. युरोपात ०.०५, आपल्या दहापट कडक. आणि दादांच्या मक्याने बदकं मेलीत, तो १०० वर थांबलेला नसणार.

जनावराला न दिसणारं विष पोराच्या पेल्यात जातं भाऊ. मला याच्यापुढे सात क्विंटल दिसत नाहीत.

---

अनघा_डोंबिवली | २० नोव्हेंबर, दुपारी ३.०५

मी शेतकरी नाही, शोध घेता घेता इथं आले. घरी दोन वर्षांची मुलगी आहे. दूध दोनदा उकळते. त्याने हे जातं का?

---

दावण | २० नोव्हेंबर, दुपारी ३.५०

नाही ताई. उकळून जात नाही, पाश्चरायझेशननेही नाही. अफलाटॉक्सिन उष्णतेला दाद देत नाही. म्हणूनच अडवायचं ते गोठ्यातच. प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातले ६,४३२ नमुने तपासले होते, त्यात ५.७ टक्क्यांत एम-वन मर्यादेबाहेर निघालं. म्हणजे शंभरातले चौऱ्याण्णव मर्यादेत होते. मुलीचं दूध बंद करू नका. आमच्यासारख्यांना प्रश्न विचारत राहा, त्याने फरक पडतो.

---

सखाराम_सांगोला | २० नोव्हेंबर, संध्याकाळी ७.३०

दूध माझीही नातवंडं पितात. हा हिशेब मला कुणी असा मांडून दाखवला नव्हता. बैलाला तरी चालेल का?

---

गुरांचा_डॉक्टर | २० नोव्हेंबर, रात्री ९.००

नको. बैलाच्या दुधाचा प्रश्न नाही, यकृत त्यालाही आहे. आणि चुकून कालवडीच्या, वासराच्या तोंडी लागलं तर ती मोठ्या जनावरापेक्षा फार लवकर बसतात. एक गैरसमजही काढतो. कोठीपोटातले सूक्ष्मजीव सगळी विषं फोडतात असं लोक धरून चालतात. ऑक्राटॉक्सिन ते चांगलं फोडतात, म्हणून गाईला त्याचा त्रास क्वचित. अफलाटॉक्सिन मात्र फार थोडं फोडतात.

---

टॉर्चवाला | २१ नोव्हेंबर, सकाळी ११.१०

नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च घ्या, अंधारात भरड्यावर मारा. हिरवट-पिवळं चमकलं की विष. आमच्या इथले व्यापारी असंच बघतात.

---

रसायनाची_वही | २१ नोव्हेंबर, दुपारी १२.४५

टॉर्च उपयोगाचा आहे, पण ती चमक अफलाटॉक्सिनची नसते. बुरशी कोजिक आम्ल सोडते, आणि ताज्या दाण्यातला पेरॉक्सिडेज हा एन्झाइम त्याच्यावर काम करून तो चमकणारा पदार्थ बनवतो. बघा, इथंही एन्झाइमच! म्हणजे चमक सांगते की दाणा जिवंत असताना त्याच्यावर ती बुरशी वाढली होती. तिने विष केलं की नाही, किती केलं, ते सांगत नाही. चमकलं तर पोतं बाजूला ठेवा. चमकलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. खात्रीसाठी एलायझा, म्हणजे विषाचं प्रमाण मोजणारी लॅबमधली तपासणी, किंवा त्याहून मोठी तपासणी. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेने भुईमुगासाठी स्वस्तातली एलायझा पद्धत बसवून दिली, तिचा बराच उपयोग झाला.

---

भुईमूग_बार्शी | २१ नोव्हेंबर, दुपारी २.२५

भुईमुगाचा विषय निघाला म्हणून. आमच्याकडे पावसाने नाही, पाऊस न पडल्याने बुरशी येते. शेवटच्या महिन्यात ताण पडला, जमीन तापली, शेंगेला चीर गेली की ती आत शिरते. काढणीनंतर वेल उलटे टाकून शेंगा वर उन्हात ठेवतो, दाणा वाजायला लागेपर्यंत. ही पेंड जनावरांना जाणार आहे हे आता लक्षात ठेवूनच काढणी करतो.

---

हळद_सांगली | २१ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.५०

खाद्यात हळद घाला. लिव्हरला हळदीसारखं दुसरं काही नाही. आम्ही पिढ्यान् पिढ्या वापरतो.

---

शेड_नंबर_दोन | २१ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.२०

हळदीने बुरशी उतरत नाही हो. असं वाचून लोक मका चालू ठेवतात.

---

रसायनाची_वही | २१ नोव्हेंबर, रात्री ८.४०

दोघांचंही थोडं थोडं बरोबर. ब्रॉयलरवर खरोखर प्रयोग झालेत. खाद्यात १ पीपीएम (हजार पीपीबी) अफलाटॉक्सिन, सोबत अर्धा टक्का हळद. यकृताची हानी कमी झाली, आणि त्याच गटाच्या कामात विष जागं करणाऱ्या व वेसण घालणाऱ्या एन्झाइमच्या जनुकांचं बिघडलेलं काम काही अंशी सावरलेलं दिसलं. सोबत विष धरून ठेवणारी माती दिली तेव्हा परिणाम आणखी चांगला होता. पण ही हानी कमी करण्याची गोष्ट झाली. विष खाद्यातच राहतं.

---

गुरांचा_डॉक्टर | २१ नोव्हेंबर, रात्री ९.१५

ती माती म्हणजे बेंटोनाइटसारखे बाइंडर. आतड्यातच अफलाटॉक्सिनला धरून विष्ठेतून बाहेर नेतात. अफलाटॉक्सिनवर चांगले चालतात, फ्युमोनिसिन आणि टी-टूवर फारसे नाही. फ्युमोनिसिनसाठी तर आता त्याचे तुकडे करणारा एन्झाइमच खाद्यात घालायला मिळतो.

---

घोडेवाला | २१ नोव्हेंबर, रात्री १०.०५

फ्युमोनिसिन म्हणजे काय? माझ्या लग्नाच्या दोन घोड्या आहेत, मका मीही घालतो.

---

रसायनाची_वही | २२ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

दादा, घोड्यांना तर जपाच. मक्यावरच्या फ्युजेरियम बुरशीचं हे विष, १९८८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत वेगळं काढलं. पेशींच्या पडद्यासाठी लागणाऱ्या एका चरबीच्या घटकासारखाच त्याचा आकार आहे. त्यामुळे सेरामाइड सिंथेज हा एन्झाइम फसतो, त्याची जागा अडते आणि ज्याच्यावर काम करायचं तो माल पेशीत साचत जातो. एन्झाइम मोडलेला नसतो, नुसता अडवलेला असतो. घोड्यात त्याचा फटका मेंदूला बसतो, आतला पांढरा भाग अक्षरशः विरघळतो. डुकरात फुप्फुसात पाणी होतं. कोंबडी त्या मानाने बरंच सहन करते.

माणसांतही झालंय. १९९५ मध्ये पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन आंध्र-कर्नाटकातल्या काही खेड्यांत लोकांना पोटदुखी आणि जुलाब लागले होते. ते धान्य बंद केल्यावर थांबलं.

---

घोडेवाला | २२ नोव्हेंबर, सकाळी ९.५८

आजपासून ओट्स आणि हरभरा. मका बंद.

---

जुनी_पानं | २२ नोव्हेंबर, दुपारी १२.३०

आपल्या शेजारचं त्याहून भयंकर आहे. १९७४ च्या शेवटी राजस्थानातलं बांसवाडा आणि गुजरातमधला पंचमहाल. अवकाळी पावसात भिजलेला मका. ३९७ माणसं आजारी पडली, १०६ गेली. कावीळ आणि पोटात पाणी. त्या घरांतली कुत्री, जी तेच अन्न खायची, तीही त्याच लक्षणांनी मेली. लोकांनी खराब दाणा ओळखला नव्हता असं नाही. दुसरा दाणा घरात नव्हता.

---

बांधावरून | २६ नोव्हेंबर, रात्री ९.२०

रिपोर्ट आला. ६२० पीपीबी. सीके नॉर्मल होता, म्हणजे गुरांचा_डॉक्टर म्हणाले तसंच, यकृतच.

दावणभाऊंच्या हिशेबात आकडे घालून पाहिले. तीन किलो मका, बारा लिटर दूध. लिटरला तीन मायक्रोग्रॅमच्या वर येतंय, मर्यादेच्या सहापट. ज्या दिवशी मका बंद केला त्या दिवसापासून पाच दिवस दूध डेअरीला घातलं नाही, घरातही वापरलं नाही. पण त्याआधीचे दिवस? आठवडाभराहून जास्त मी ते दूध घातलं. माझ्या आईने, मुलीने प्यायलं. तीन रात्री झोप नाही.

---

गुरांचा_डॉक्टर | २६ नोव्हेंबर, रात्री ९.४८

दादा, मका थांबवल्यावर तीन-चार दिवसांत एम-वन दुधातून उतरतं, पाच दिवस ठेवलंत ते योग्य केलंत. ही मर्यादा वर्षानुवर्षं रोज पिण्याचा विचार करून ठरवलेली असते. घरच्यांना काही लक्षणं नसतील तर आठ-दहा दिवसांच्या दुधाने घाबरून जाऊ नका. मनाला लागलंच असेल तर मुलीच्या डॉक्टरांना एकदा सगळं सांगा. कोंबड्यांची मर?

---

बांधावरून | २६ नोव्हेंबर, रात्री १०.०२

थांबली. शेवटची २३ तारखेला. एकूण एक्केचाळीस गेल्या. चांगला मका विकत आणला, बाइंडर घातलं, हळदही घातली. विष्ठा आता बांधीव आहे, सकाळी सगळ्या दाराशी गोळा होतात.

सात क्विंटलचं सांगायचं राहिलं. विकायला नेला असता तर गेला असता, एकजण भावही करून गेला. दुसऱ्याच्या गोठ्यात जाणार हे माहीत असताना पोतं उचलवलं नाही. बांधाच्या कडेला, विहिरीपासून लांब, जेसीबीने खड्डा घेतला आणि पुरला.

---

सखाराम_सांगोला | २६ नोव्हेंबर, रात्री १०.३०

माझ्याकडे दीड पोतं सरकी पेंड होती, कोपऱ्यात ओल लागलेली. आज बाहेर काढली. दाणा वाळला की नाही हे घरच्या घरी कसं बघायचं? मीटर नाही माझ्याकडे.

---

शेड_नंबर_दोन | २७ नोव्हेंबर, सकाळी ६.०५

सखारामभाऊ, काचेची कोरडी बाटली घ्या. पाव बाटली मका, त्यात दोन-तीन चमचे खडखडीत कोरडं मीठ. झाकण लावून दोन-तीन मिनिटं हलवा, मग पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल पंधरा टक्क्यांच्या वर आहे, पोती शिवू नका. मीठ मोकळं खाली पडलं तर साठवायला हरकत नाही. पोतं जमिनीवर नको, फळीवर, भिंतीपासून हातभर लांब.

---

बांधावरून | २७ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

आत्ताच केलं. विकत आणलेल्या मक्याचं मीठ मोकळं पडलं. बाटली मुलीने आपल्या फडताळात ठेवलीय, म्हणते पुढच्या मळणीला आधी ती हलवणार. आणि दुसऱ्या बदकाचं नाव टुणुकच ठरलं.